टेक्सास ए अँड एमला निघालेल्या मराठी विद्यार्थ्यांना खुले पत्र: मैदानात उभे राहा, पण ओंडक्यावर चढण्याआधी आराखडा मागा

मित्रमैत्रिणींनो, सप्रेम नमस्कार.

ऑगस्टमध्ये तुमच्यापैकी बरेच जण कॉलेज स्टेशनला उतरतील. कुणी सिव्हिलला, कुणी मेकॅनिकलला, कुणी पेट्रोलियम किंवा कॉम्प्युटरला. घरभाडं, बँकेचं खातं, गाइड कसा निवडायचा हे सगळं तुमचे सीनियर सांगतीलच. हे पत्र फुटबॉलबद्दल आहे. हातात चेंडू घेऊन पळायचा तो अमेरिकन फुटबॉल. ‘तो आपला खेळ नाही’ असं म्हणून पहिली दोन वर्षं लॅबमध्ये काढणारे आपल्यात पुष्कळ असतात, आणि ज्या गावात आपण राहतो त्याची निम्मी ओळख त्यांना होतच नाही. या विद्यापीठात परंपरांपासून लांब राहणाऱ्याला ‘टू पर्सेंटर’ म्हणतात. ज्याला इथलं काही पटत नाही त्याला ‘हायवे सिक्स दोन्ही दिशांना जातो’, म्हणजे पटत नसेल तर निघा, असंही ऐकवतात. तुमच्यावर ती वेळ येऊ नये म्हणून काही गोष्टी आधीच सांगून ठेवतो. त्यातली शेवटची गोष्ट, ओंडके रचून पेटवायची ‘बॉनफायर’, गंभीर आहे आणि खरं तर तिच्यासाठीच हे पत्र लिहायला घेतलं.

आधी थोडी पार्श्वभूमी. हे कॉलेज 1876 मध्ये सुरू झालं ते शेती आणि यंत्रविद्या शिकवायला, आणि विद्यार्थ्यांना लष्करी शिस्तीत ठेवायला. कॅडेट कोअरमध्ये, म्हणजे विद्यार्थ्यांच्या लष्करी दलात, भरती होणं 1965 पर्यंत सक्तीचं होतं. मुलींना प्रवेश मिळाला 1963 मध्ये, तोही सुरुवातीला मर्यादित. फुटबॉलचा संघ 1894 चा, आणि बँडही त्याच वर्षीचा. म्हणजे संघाभोवतीच्या बहुतेक रीती बराकीत राहणाऱ्या, एकत्र जेवणाऱ्या, बिगुलावर उठणाऱ्या पोरांनी घडवल्या. त्या कुठे लिहून ठेवलेल्या नव्हत्या. सीनियरनं ज्युनियरला सांगायचं आणि ज्युनियरनं पुढच्याला, अशाच त्या चालत आल्या. हे लक्षात असू द्या, पुढे त्याचा संबंध येणार आहे.

शुक्रवारपासून सुरुवात करू. घरच्या मैदानावर सामना असेल तर आदल्या रात्री बारा वाजता काइल फील्ड या फुटबॉलच्या स्टेडियमवर ‘मिडनाइट येल’ असते. सामना दुसऱ्या दिवशी, आणि हजारो माणसं रात्री घोषणांचा सराव करायला जमतात. पुढे पांढऱ्या कपड्यांत पाच येल लीडर असतात, तीन सीनियर आणि दोन ज्युनियर. त्यांना विद्यार्थी मतदानानं निवडून देतात. येल लीडर हातानं खूण करतो, पुढच्या रांगा तीच खूण मागे पाठवतात, ती वरच्या मजल्यापर्यंत पोचते आणि मग सगळे एकदम सुरू होतात. मुठी एकमेकींभोवती फिरवल्या की ‘फार्मर्स फाइट’. अंगठा वर म्हणजे ‘गिग एम’. ही दुसरी खूण 1930 ची. टीसीयूच्या (टेक्सास ख्रिश्चन युनिव्हर्सिटी) संघाचं चिन्ह शिंगवाला बेडूक, आणि बेडूक मारायच्या भाल्याला इथे गिग म्हणतात. सामन्याच्या आधी पिंकी डाउन्स नावाच्या माजी विद्यार्थ्यानं, जो तेव्हा विद्यापीठाच्या नियामक मंडळावर होता, त्या बेडकांचं काय करायचं ते अंगठा दाखवून सांगितलं. खूण टिकली.

घोषणा देताना कमरेत वाकायचं, हात गुडघ्यांच्या जरा वर टेकवायचे, मान पुढे काढायची. नवख्याला हे विचित्र वाटतं, पण त्यानं आवाज छातीतून सरळ बाहेर पडतो आणि घसा लवकर बसत नाही. ताठ उभं राहून ओरडणाऱ्याचा आवाज दुसऱ्या क्वार्टरपर्यंत गेलेला असतो. आणखी एक: पंचाचा निर्णय आवडला नाही तरी ‘बू’ करायचं नाही. इथे त्यासाठी वेगळी घोषणा आहे, तिचा शेवट फुत्कारानं होतो. बू केलंत तर शेजारचे तुमच्याकडे वळून बघतील.

तिकिटांचं म्हणाल तर विद्यार्थ्यांना हंगामाआधी स्पोर्ट्स पास घ्यावा लागतो आणि मग प्रत्येक सामन्याच्या आठवड्यात तिकीट ‘पुल’ करावं लागतं. त्यात ज्येष्ठतेचा क्रम असतो: सोमवारी सीनियर, त्यानंतर एकेका दिवशी खालचे वर्ग. पदव्युत्तर विद्यार्थी सीनियरांबरोबर, हा तुमचा मोठाच फायदा. पास घ्यायला विसरलात तर टेक्सासविरुद्धच्या (म्हणजे ऑस्टिनचं टेक्सास विद्यापीठ, आपले जुने प्रतिस्पर्धी) सामन्याला बाहेरून तिकीट घ्यावं लागेल, आणि ते विद्यार्थ्याच्या खिशाला परवडणारं नसतं. मैदानात नेण्याची पिशवी पारदर्शक हवी, 12 इंच बाय 6 बाय 12 पेक्षा मोठी नको. लॅपटॉपची बॅग घेऊन लॅबमधून थेट गेलात तर गेटवरून परत याल. सप्टेंबरमध्ये दुपारचा सामना म्हणजे अंगावर ऊन आणि खाली तापलेलं काँक्रीट. टोपी घ्या, मळकट चालतील पण सवयीचे बूट घाला आणि सकाळपासून पाणी पीत राहा. सामना घड्याळाप्रमाणे 60 मिनिटांचा असला तरी प्रत्यक्षात साडेतीन तास चालतो, आणि त्या साडेतीन तासांत विद्यार्थ्यांनी बसायचं नसतं.

का बसायचं नाही, त्याला कारण आहे. 2 जानेवारी 1922, डॅलस. ए अँड एमचा सामना होता केंटकीच्या सेंटर कॉलेजशी. याच सेंटरनं दोनएक महिन्यांपूर्वी हार्वर्डला 6-0 असं हरवलं होतं, त्यामुळे ते जिंकणार हे सगळ्यांनी धरलंच होतं. ए अँड एमचे खेळाडू एकामागून एक जखमी व्हायला लागले. प्रशिक्षक डॅना बायबल यांना आठवलं की ई. किंग गिल नावाचा एक मुलगा वर पत्रकारांच्या कक्षात बसलाय. तो फुटबॉलच्या संघात होता, पण बास्केटबॉलचा हंगाम आला म्हणून संघातून मोकळा झाला होता आणि त्या दिवशी बातमीदारांना खेळाडू ओळखून देत होता. त्याला खाली बोलावलं. स्टँडच्या खाली जखमी खेळाडू हायनी वियर याचा गणवेश गिलनं चढवला, गिलचे कपडे वियरनं घातले, आणि गिल रेषेच्या कडेला तयार होऊन उभा राहिला. ए अँड एमनं सामना 22-14 असा जिंकला. गिलला मैदानात उतरावं लागलं नाही. तो फक्त उभा होता. अकरा खेळणारे, आणि हाक येईल तेव्हा जायला तयार असलेला बारावा. विद्यार्थी सामनाभर उभे राहतात ते या ‘ट्वेल्थ मॅन’मुळे.

या परंपरेचं एक रूप 1983 मध्ये प्रशिक्षक जॅकी शेरिल यांनी थेट मैदानात आणलं. शिष्यवृत्ती नसलेल्या साध्या विद्यार्थ्यांतून निवड करून त्यांनी किकऑफसाठी, म्हणजे चेंडूला लाथ मारून खेळ सुरू होतो त्या क्षणासाठी, वेगळी तुकडी उभी केली. किकऑफला दोन्हीकडची माणसं पूर्ण वेगानं एकमेकांवर धावून येतात, दुखापतीचा धोका तिथे मोठा असतो. त्यामुळे हे काम नुसत्या हौसेवर होण्यातलं नव्हतं. पुढे आर. सी. स्लोकम यांच्या काळात ती तुकडी राहिली नाही, पण असा एक खेळाडू 12 नंबरची जर्सी घालून आजही खेळतो. या जर्सीला टाळी वाजली तर ती कशासाठी हे आता तुम्हाला कळेल.

उभं राहण्याइतकंच महत्त्वाचं आहे गप्प कधी राहायचं हे कळणं, आणि आपली नवी मंडळी नेमकी इथेच चुकतात. हल्ला करणाऱ्या संघाला 10 यार्ड पुढे सरकायला चार संधी मिळतात, त्यांना डाउन म्हणतात. प्रत्येक वेळी क्वार्टरबॅक, म्हणजे चाल चालवणारा खेळाडू, हाक देऊन ठरवतो की चेंडू नेमका कधी सुटणार. पाहुण्यांकडे चेंडू असताना, विशेषतः तिसऱ्या डाउनला, एक लाखाहून जास्त माणसं ओरडली की ती हाक शेजारच्या खेळाडूलासुद्धा ऐकू जात नाही. मग कुणीतरी अंदाजानं आधीच हलतो आणि त्यांना 5 यार्डांचा दंड बसतो. तुमच्या ओरडण्याचा खेळावर असा मोजता येणारा परिणाम होतो. पण हेच उलटंही लागू पडतं: चेंडू आपल्या संघाकडे असेल आणि क्वार्टरबॅक रेषेवर वाकला असेल तेव्हा ओरडलात तर दंड आपल्याला बसेल. येल लीडरचे हात खाली आले की आवाज बंद. नियम एवढाच लक्षात ठेवलात तरी पहिला सामना निभेल.

काइल फील्डची क्षमता आज 102,733 आहे. 1904 मध्ये एडविन काइल या बागायती शास्त्राच्या प्राध्यापकानं शेतीच्या प्रयोगांची थोडी जमीन खेळासाठी राखून ठेवली, तिथून हे मैदान वाढत गेलं. 11 ऑक्टोबर 2014 ला ओल मिसविरुद्धच्या (मिसिसिपी विद्यापीठ) सामन्याला तिथे 110,633 लोक होते. विद्यापीठाच्या ‘वॉर हिम’ या गीताच्या शेवटी सगळे एकमेकांच्या खांद्यावर हात टाकतात, पायात पाय अडकवतात आणि डावी-उजवीकडे डोलतात. टेक्सासच्या लाँगहॉर्न बैलाची शिंगं करवतीनं कापायचा तो अभिनय. वरच्या मजल्यावर असाल तर पायाखालचं काँक्रीट हलल्याचं जाणवेल. स्ट्रक्चरलवाल्यांनी घाबरू नये, लयीत हलणाऱ्या गर्दीचा भार धरूनच अशी बांधणी करायची असते. हे ‘धरून’ फार मोलाचं आहे, त्याकडे येतोच.

मध्यंतरात खाऊ आणायला जाऊ नका. बँडमध्ये सगळे कॅडेट असतात. ते नाचत नाहीत, चित्रं काढत नाहीत, फक्त सरळ रेषेत चालतात. पण त्या रेषा एकमेकींतून आरपार जातात, बूट बुटाला घासेल इतक्या जवळून, आणि एकाचं पाऊल चुकलं तरी एक लाख लोकांना दिसतं. कॉलेजमधली आमची सगळ्यात आवडती गोष्ट कोणती विचाराल तर ही. रेव्हिली ही विद्यापीठाचं प्रतीक असलेली कॉली जातीची कुत्री, कोअरमधला सर्वोच्च दर्जा तिचा. पहिली रेव्हिली 1931 ची, रस्त्यावर सापडलेली. सकाळी उठवणारा ‘रेव्हिली’ हा बिगुल वाजला की भुंकायची म्हणून हे नाव. मेलेल्या सगळ्या रेव्हिली काइल फील्डच्या उत्तर टोकाबाहेर पुरलेल्या आहेत, स्कोअर दिसावा म्हणून तोंड स्कोअरबोर्डाकडे करून. मैदान वाढवल्यावर मध्ये इमारत आली तेव्हा त्यांच्यासाठी बाहेर वेगळा छोटा स्कोअरबोर्ड लावला. जिंकल्यावर कोअरचे पहिल्या वर्षाचे विद्यार्थी येल लीडरांना पकडून फिश पाँडमध्ये टाकतात. हरल्यावर विद्यार्थी लगेच उठून जात नाहीत, तिथेच थांबून पुढच्या सामन्यासाठी घोषणा देतात. हरलेल्या संध्याकाळीही थांबा.

आतापर्यंतच्या सगळ्या रीती तोंडी चालतात, आणि त्यांत चूक झाली तर एक घोषणा फसते, एक रेष वाकडी होते, पुढच्या शनिवारी सुधारते. आता बॉनफायर.

टेक्सासशी सामना पहिल्यांदा झाला 1894 मध्ये, आणि त्याआधी लाकडं पेटवायची रीत विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकापासूनची. सुरुवातीला हा नुसता भंगार लाकडांचा ढीग असे. 1935 मध्ये पोरांनी एका शेतकऱ्याचं अख्खं कोठार उचलून जाळलं, तेव्हा विद्यापीठानं हा प्रकार आपल्या छत्राखाली घेतला आणि पुढच्या वर्षी कुऱ्हाडी, करवती, ट्रक दिले. मग ढिगाऐवजी उभे ओंडके रचायला सुरुवात झाली. 1969 मध्ये उंची 109 फूट 10 इंच झाली. त्यानंतर विद्यापीठानं 55 फुटांची मर्यादा घातली.

काम तीन टप्प्यांत चाले. ऑक्टोबरपासून शनिवार-रविवारी ‘कट’: शहराबाहेरच्या जमिनीवर झाडं कुऱ्हाडीनं पाडायची, खांद्यावर वाहून ट्रकवर चढवायची. मग ‘स्टॅक’: मधोमध विजेच्या खांबांसारखे दोन खांब एकावर एक जोडून मुख्य खांब उभा करायचा आणि त्याभोवती ओंडके उभे टेकवत जायचे, प्रत्येक ओंडका शेजारच्याला तारेनं बांधत. शेवटच्या दिवसांत ‘पुश’: रात्रंदिवस पाळ्या. एकावर एक असे सहा थर, वर जाताना लहान होत जाणारे, आणि टोकाला टेक्सासच्या नारिंगी रंगात रंगवलेला लाकडी संडास. पेटवल्यावर मधला खांब मध्यरात्रीनंतरही उभा राहिला तर सामना आपला, अशी समजूत. कोण काय काम करतो ते हेल्मेटच्या रंगावरून कळे. सगळ्यात वरचे ‘रेड पॉट’. थर कसे लावायचे, तार किती पीळ द्यायची, हे रेड पॉट पुढच्या रेड पॉटला शिकवत. अभियंत्यानं सही केलेला आराखडा नव्हता.

18 नोव्हेंबर 1999 ला पहाटे 2 वाजून 42 मिनिटांनी ती रचना कोसळली. उंची 59 फूट होती, ओंडके सुमारे 5,000, आणि त्या वेळी पन्नासहून अधिक जण तिच्यावर काम करत होते. 12 जण गेले, अकरा विद्यार्थी आणि एक माजी विद्यार्थी. 27 जखमी झाले. खाली जिवंत माणसं अडकलेली असल्यानं मोठी यंत्रं सरसकट लावता येईनात, ओंडके हातांनी उचलावे लागले, आणि ते उचलायला फुटबॉलचा संघही आला. टेक्सास विद्यापीठानं आपली सामन्याआधीची सभा रद्द करून दोन्ही विद्यापीठांची एकत्र सभा घेतली. 26 नोव्हेंबरला सामना झाला, ए अँड एमनं तो 20-16 असा जिंकला.

चौकशी आयोगाचा अहवाल मे 2000 मध्ये आला. तुमच्यातल्या प्रत्येक इंजिनिअरनं तो पहिल्याच सेमिस्टरला वाचावा ही आमची पहिली विनंती. थोडक्यात असं: दुसऱ्या थराचे ओंडके पहिल्या थराच्या डोक्यावर नुसते ठेवलेले नव्हते, त्यांची खालची टोकं पहिल्या थराच्या ओंडक्यांमधल्या फटींत ठोकून घट्ट बसवलेली होती. वर काम करणाऱ्याला ते पक्कं वाटतं, कारण ओंडका हलत नाही. पण लाकडात पाचर मारली की लाकूड फाकतं, तसा पहिला थर बाहेरच्या बाजूला ढकलला जात होता. वरचा भार वाढत गेला तशी प्रत्येक पाचर आणखी खाली रुतत गेली. हा बाहेरचा दाब धरून ठेवायला थराभोवती कडं लागतं. आधीच्या काही वर्षांत पहिल्या थराभोवती पोलादी केबल गुंडाळलेली असे. 1999 मध्ये ती नव्हती. उरली होती ती ओंडक्याला ओंडका बांधणारी तार, आणि ती तुटली. दहीहंडीत वरचा थर खालच्याच्या खांद्यावर उभा असतो, आणि खालच्या थराचे हात एकमेकांच्या खांद्यात गुंतलेले नसतील तर काय होतं हे तुम्हाला वेगळं सांगायला नको.

आयोगानं नुसती तार आणि पाचर दाखवून विषय संपवला नाही. अनेक दशकं ही रचना बदलत गेली आणि तिच्यावर अभियांत्रिकी नजर ठेवायला कुणी नव्हतं, हेही त्यानं मूळ कारण म्हणून नोंदवलं. 1994 मध्ये पावसानं जमीन भिजून रचना कलली होती, ती उतरवून पुन्हा उभी केली गेली. त्या वेळी लोकांना आठवण राहिली ती पोरांनी थोड्या दिवसांत पुन्हा कशी उभी केली याची. ती का कलली, हा प्रश्न मागे पडला. केबलचंही तसंच. कुठल्या तरी वर्षी कुणीतरी काही कारणानं ती गुंडाळायला सुरुवात केली असणार. ते कारण कागदावर असतं तर ती काढताना कुणीतरी अडवलं असतं. उंचीची मर्यादा मात्र कागदावर होती, 55 फूट, आणि रचना 59 फूट झाली. म्हणजे कागद असून भागत नाही, काम थांबवायचा अधिकार असलेला माणूसही जागेवर लागतो.

विद्यापीठात बॉनफायर परत आणायचा प्रस्ताव अलीकडे पुन्हा आला होता. टेक्सासशी 2011 नंतर बंद पडलेला सामना 2024 मध्ये पुन्हा सुरू होणार होता, त्या निमित्तानं. जून 2024 मध्ये अध्यक्ष मार्क वेल्श यांनी नाही म्हटलं. आमच्या मते ते योग्यच झालं. ठेकेदारानं क्रेननं रचलेली आग विद्यार्थ्यांची राहत नाही, आणि विद्यार्थ्यांनी पूर्वीसारखी रचायची तर आयोगाचा अहवाल बाजूला ठेवावा लागतो. सामना 30 नोव्हेंबर 2024 ला आगीविना झाला, टेक्सासनं 17-7 असा जिंकला, आणि काइल फील्डचा आवाज काही कमी नव्हता.

पण विद्यापीठाबाहेर, विद्यापीठाशी संबंध नसलेली ‘स्टुडंट बॉनफायर’ दर वर्षी उभी राहते, आणि तुमच्या वर्गातलं कुणी ना कुणी तुम्हाला ‘कट’ला बोलावेलच. तिची रचना 1999 पेक्षा मुळातच वेगळी आहे: प्रत्येक ओंडका जमिनीला टेकतो, म्हणजे वरच्या थरानं खालच्यात पाचर मारण्याचा प्रश्न येत नाही, आणि मधल्या खांबाला भोवतालच्या खांबांचा आधार असतो. हा खरा बदल आहे आणि त्याचं श्रेय त्या मुलांना द्यायलाच हवं. तुम्ही जाऊच नका असं आम्ही सांगत नाही. जायचं तर डोळे उघडे ठेवून जा. त्याआधी मेमोरियलला जाऊन या, पोलो फील्डवर, जिथे हे घडलं तिथेच ते आहे. वर्तुळात बारा दारं आहेत आणि प्रत्येक दाराचं तोंड त्या त्या मुलाच्या गावाकडे आहे. दारांना जोडणारे 27 दगड जखमींचे.

मग ‘कट’ला गेलात की आधी विचारा: आराखडा कुणी तपासला आणि तो बघायला मिळेल का? यंदा त्यात काय बदललं आणि का? बांधायला काय वापरतात, तार की केबल? काम थांबवा असं म्हणायचा हक्क कुणाला आहे, आणि तो माणूस आत्ता इथे हजर आहे का? रात्रीच्या पाळीआधी लोक किती झोपलेले असतात? उत्तर ‘आम्ही नेहमी असंच करतो’ असं आलं तर जमिनीवरची कामं करा, वर चढू नका. कुऱ्हाड चालवणाऱ्यापासून हात आणि दांडा मिळून जेवढी लांबी होते तिच्या दुपटीहून लांब राहा. झाड कोणत्या बाजूला पडणार हे ठरल्याशिवाय घाव घालू देऊ नका आणि पळायची वाट आधी मोकळी करून ठेवा. ओंडका खांद्यावर घेताना सगळे एकाच बाजूला असावेत, टाकायची वेळ आली तर सगळ्यांना एकाच दिशेला सरता येतं. पुढे पोलादी टोक असलेले बूट, हातमोजे, हेल्मेट हे तुमचं स्वतःचं हवं. जो कागद सही करायला देतील तो पूर्ण वाचा, आणि तुमच्या विद्यार्थी आरोग्य विम्यात अशी दुखापत बसते का हे विमा कंपनीला ईमेलनं विचारून लेखी उत्तर घेऊन ठेवा. हे सगळं विचारल्याबद्दल तुम्हाला कुणी टू पर्सेंटर म्हणालं तर त्याला अहवाल वाचायला द्या.

आपले,
कॉलेज स्टेशनचे काही जुने मराठी विद्यार्थी